विक्रमबाहू तिसरा श्रीलंकेचा राजा होता, मग त्याच्या काळाबद्दल वाचताना सगळीकडे त्याचा मंत्री अलगक्कोनार याचंच नाव का येतं?

राजा डोंगरात होता आणि पैसा किनाऱ्यावर, म्हणून.

विक्रमबाहू (सुमारे 1357 ते 1374) राहायचा गंपोल्याला, कँडीच्याही दक्षिणेला, महावेली नदीकाठी. व्यापार मात्र कोलंबो, नेगोंबो, वत्तल, चिलाव या बंदरांतून चाले आणि तिथला कर उत्तरेकडच्या जाफन्याचा राजा आर्यचक्रवर्ती याची माणसं उचलत. नुसत्या किनाऱ्यावरच असं नाही. 1359च्या मडवल शिलालेखात डोंगराळ गावांतूनही जाफन्याच्या राजाने, मार्तांडाने, कर वसूल केल्याची नोंद आहे. राजाच्या अंगणात दुसऱ्याचे वसुलदार!

निश्शंक अलगक्कोनारचं घराणं मूळचं दक्षिण भारतातलं, व्यापारी. त्यांचं बस्तान रायिगमला, म्हणजे किनाऱ्यालगत. त्याने घाई केली नाही, हे महत्त्वाचं. आधी दियवन्ना ओयाच्या दलदलीत कोट्टेचा किल्ला बांधला. तीन बाजूंना पाणी आणि चिखल. जमिनीकडची दक्षिणेची मान तेवढी उघडी, तिथे खंदक आणि जांभ्या दगडाचा तट. (आजही तटाच्या आतला भाग ‘एतुल कोट्टे’ आणि बाहेरचा ‘पिट कोट्टे’ म्हणून ओळखला जातो.) मग वेढ्यात पुरेल इतकं धान्य भरून ठेवलं. वसुलदारांना हात लावला तो त्यानंतर. ‘राजावलिय’ हा सिंहली बखरग्रंथ म्हणतो, फासावर चढवलं. क्रम उलटा झाला असता तर जाफन्याचं आरमार येईपर्यंत लपायला जागाच उरली नसती. हल्ला झाला तो पुढच्या राजाच्या, पाचव्या भुवनेकबाहूच्या काळात. हा राजा गंपोला सोडून रायिगमला पळाला, आणि किनारा राखला अलगक्कोनारने.

लष्करापेक्षाही बोलका पुरावा धर्माचा. बौद्ध संघाची शुद्धी, म्हणजे बेशिस्त भिक्खूंना दूर करून संघाला शिस्त लावणं, हे राजाचं काम. पण 1369 साली धर्मकीर्ती स्थविरांच्या हाताखाली ती घडवून आणली अलगक्कोनारने. तरीही लेखांवर कालगणना विक्रमबाहूच्याच राज्यवर्षाची. मुकुट त्याने मागितलाच नाही, म्हणून नुसत्या राज्यवर्षांवरून खरी सत्ता कोणाकडे होती ते कळत नाही.

दोन गफलती नेहमी होतात. कोट्टे तेव्हा राजधानी नव्हती, नुसता किल्ला होता. राजधानी झाली ती सहाव्या पराक्रमबाहूच्या वेळी. आणि 1411च्या सुमारास चिनी दर्यासारंग झेंग ह याने पकडून नेला तो वीर अलकेश्वर, याच घराण्यातला पण पुढच्या पिढीतला.