टेक्सासची कॅरी टेस्ट: रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

भावाच्या पिटिशनवर तुमचा इमिग्रंट व्हिसा आलाय, डॅलसजवळच्या त्याच्या दुकानात रात्रपाळी बघायची आहे, आणि कॅरी लायसन्सच्या (हत्यार अंगावर बाळगण्याच्या परवान्याच्या) परीक्षेला कोणतं हत्यार घ्यावं असं विचारताय. 'रिव्हॉल्व्हरवर परीक्षा दिली तर पुढे पिस्तूल बाळगता येत नाही,' असं कुणीतरी तुमच्या डोक्यात घातलंय.

तो नियम सप्टेंबर २०१३ मध्येच गेला. किमान .३२ बोअरची (नळीच्या मापाची) अटही २०१७ मध्ये निघाली. आता जे नीट चालवता येईल ते घ्या.

माझं मत विचाराल तर मध्यम आकाराचं ९ एमएम पिस्तूल. भारतात हा बोअर सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून आपल्याला तो उगाच दांडगा वाटतो. इथे तोच सगळ्यांत साधा. खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर काउंटरवर गोंडस दिसतं, पण हत्यार जितकं हलकं तितकं हातात जास्त उसळतं. शिवाय परीक्षेत गोळ्या झाडायच्या ५०: तीन यार्डांवरून २०, सातवरून २०, पंधरावरून १०. पास व्हायला २५० पैकी १७५ गुण. तीन यार्डांवर सहसा कुणी चुकत नाही. पंधरावर आखूड नळी आणि जड चाप मिळून गुण खातात.

वहिनीही परीक्षा देणार असतील आणि पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) खेचायला जड जात असेल, तर मोठ्या नळीचं रिव्हॉल्व्हर जरूर बघा. तोवर विकत काही घेऊ नका, रेंजवर भाड्याने दोन्ही चालवून पाहा.

पिस्तुलावर डावा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा ठेवायचा नाही. बेचक्यातली कातडी सोलून निघते. शर्ट बंद गळ्याचा घाला. गोळी सुटल्यावर बाहेर उडणारी गरम पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस नाचतो, आणि हातातली नळी भलतीकडे वळते. इन्स्ट्रक्टर मग दयामाया दाखवत नाही.

२०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला टेक्सासमध्ये लायसन्सशिवायही हत्यार बाळगता येतं. तरी ४० डॉलर फी भरून ते घ्याच. शाळेपासून १,००० फुटांच्या आत हत्यार बाळगू न देणारा फेडरल (केंद्राचा) कायदा लायसन्सवाल्याला सूट देतो, आणि मुलांना शाळेत सोडायला तुम्हीच जाणार. शाळेच्या इमारतीत मात्र हत्यार न्यायचं नाही.

तुम्ही उतरताच ग्रीन कार्डधारक, तेव्हा तुम्हाला अडचण नाही. पण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या कुणा भाच्या-पुतण्याला 'बघ रे जरा' म्हणून रेंजवरही पिस्तूल देऊ नका. वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर त्याने हत्यार किंवा गोळ्या बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे.

आल्या आल्या टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा. सध्याचा पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र नसेल तर डीलर तुम्हाला हत्यार विकणार नाही.