मेलला उत्तर देताना जुन्या मजकुराचं काय करायचं?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ग्रुप मेलवर जवळपास ऐंशी सभासद आहेत. ऑफिसच्या सवयीने मी उत्तर वर लिहितो, जुना मजकूर खाली तसाच राहतो. एका सभासदाने ‘उत्तर खाली लिहा आणि बाकीचं कापा’ असं सुचवलं. बरोबर काय?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर: ऑफिसात वर लिहिलेलं चालतं. तिथे मध्येच कुणाला तरी सीसीत घेतात आणि त्याला मागचा सगळा पत्रव्यवहार एकाच मेलमध्ये लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर मागचे मेल प्रत्येकाकडे आलेलेच असतात. तिथला वाचक लोकलमध्ये एका हाताने फोन धरून वाचतोय. हे उत्तर नेमकं कोणत्या वाक्याला आहे, एवढंच त्याला पटकन दिसायला हवं. तेव्हा सुचवणी योग्यच आहे: आधी ते वाक्य, त्याखाली उत्तर.

समजा, सेक्रेटरींनी टाकीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल मोठा मेल पाठवला. त्यात तारीख, पाण्याची वेळ, खर्च, कंत्राटदार असं सगळं आहे. तुम्ही वर लिहिलंत, ‘पहिल्याला हरकत नाही, दुसरं सभेत ठरवू, सलग मात्र नको.’ काय सलग नको, हे शोधायला प्रत्येकाने खाली जाऊन मूळ मेल वाचायचा. त्याऐवजी असं लिहा:

सेक्रेटरी, १२ तारखेला:
> टाकी सुकेपर्यंत ३ दिवस पाणी बंद राहील.

३ दिवस सलग नको. टाकीला दोन कप्पे आहेत. एकेक रिकामा करून काम होईल का?

> खर्च दुरुस्ती निधीतून करावा.

हरकत नाही, पण तिन्ही कोटेशनं सभेपुढे यावीत.

ज्या दोन वाक्यांना उत्तर द्यायचंय तेवढीच राहिली. नमस्कार, कंत्राटदाराची माहिती, खालची सही हे सगळं गेलं. ओळीच्या सुरुवातीचं > हे चिन्ह ‘हे माझे शब्द नाहीत’ असं सांगतं. उत्तराचं उत्तर आलं की चिन्हं दोन होतात. जितकी चिन्हं जास्त, तितका मजकूर जुना. दोनांपेक्षा जास्त थर सहसा ठेवू नका.

सर्वात जास्त घोळ होतो तो ‘कोणी लिहिलं’ या ओळीवरून. कापताना ती ओळ उडाली आणि खालचं वाक्य राहिलं, तर सेक्रेटरींचं म्हणणं खजिनदारांच्या नावावर जातं आणि सभेत त्यावरून वाद होतो. नियम सोपा आहे: वाक्य ठेवलं तर नावही ठेवायचं, नाव काढलं तर वाक्यही काढायचं.

जीमेलवर कॉम्प्युटरवरून हे करताना रिप्लाय दाबल्यावर खाली तीन टिंबं दिसतात. त्यांवर क्लिक केलं की जुना मजकूर उघडतो. मग खालच्या मेन्यूतून ‘प्लेन टेक्स्ट मोड’ निवडा. जुन्या ओळींपुढे > येतं आणि मधे टाइप केलेली तुमची ओळ स्वच्छ वेगळी राहते. ठळक अक्षरं आणि रंग मात्र जातात. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये काम आणखी हलकं आहे: हवं ते वाक्य माउसने सिलेक्ट करा आणि मग रिप्लाय दाबा, तेवढंच उत्तरात येतं. फोनवर ही कापाकापी जिकिरीची होते. तिथे जुना मजकूर सरळ काढून टाका आणि पहिल्या ओळीत स्वतःच्या शब्दांत संदर्भ द्या: ‘पाणी ३ दिवस बंद ठेवण्याबद्दल.’ इंटरनेटवरच्या शिष्टाचाराबद्दल १९९५ साली निघालेल्या ‘आरएफसी १८५५’ या मार्गदर्शिकेतही हेच सांगितलंय: मूळ मेलचा सारांश वर द्या, किंवा संदर्भ कळेल एवढाच मजकूर ठेवा.

प्रश्न: मी मूळ मेलमध्येच लाल अक्षरांत उत्तरं लिहिते. तरी काहीजण म्हणतात, ‘तुमचं उत्तर दिसलंच नाही.’ लांबलचक मेल तर अर्धेच दिसतात. असं का?
— एक वाचक, दादर

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही मेल प्रोग्राम फक्त साधा मजकूर दाखवतात, तिथे लाल रंग उरतच नाही. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही त्यांचीही अडचण होते. शिवाय पुढच्याने निळ्यात आणि तिसऱ्याने हिरव्यात लिहिलं, की कोणता रंग कोणाचा हे शोधत बसावं लागतं. रंग सोडा, चिन्ह वापरा.

अर्ध्या मेलचं कारण आकार. सुमारे १०२ केबीच्या पुढे गेलेला मेल जीमेल कापून दाखवतं आणि शेवटी ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक देतं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘की’मध्ये क आणि वेलांटी धरून ६ झाले. म्हणजे मराठीतली उत्तरावर उत्तर अशी न कापलेली मेलची साखळी इंग्रजीपेक्षा लवकर त्या मर्यादेला पोचते, आणि उत्तर सगळ्यात खाली असेल तर तेच लपतं. खाली उत्तर लिहायचं तर वरचं कापावंच लागतं; न कापता खाली लिहिणं हे वर लिहिण्यापेक्षा वाईट.

सहीसुद्धा ४ ओळींच्या आत ठेवा. सहीच्या वर एका ओळीत दोन आडव्या रेघा (--) आणि एक स्पेस दिली, तर थंडरबर्डसारखे प्रोग्राम उत्तर देताना सही आपोआप गाळतात. स्पेस विसरलात तर गाळत नाहीत.

प्रश्न: ग्रुपचा पत्ता शोधायला नको म्हणून मी जुना मेल उघडून रिप्लाय करतो आणि विषय बदलतो. चालतं ना?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: नको. प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो आणि तुमच्या उत्तरात मूळ मेलचा क्रमांक आतल्या आत लिहिला जातो. विषय बदलला तरी तो राहतो. जीमेल विषय बदलल्यावर वेगळी साखळी करतं, म्हणून तुम्हाला सगळं ठीक दिसतं. थंडरबर्ड वापरणाऱ्याकडे मात्र तुमचा पार्किंगचा प्रश्न गणेशोत्सवाच्या वर्गणीखाली जाऊन बसतो. त्याने ती साखळी बंद करून ठेवली असेल तर तो मेल त्याला दिसणारच नाही. पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवा आणि नवा मेल सुरू करा.

चर्चाच हळूहळू दुसरीकडे वळली असेल तर मात्र रिप्लाय करूनच विषय बदला, आणि जुना विषय कंसात ठेवा: ‘पार्किंगचे क्रमांक (आधी: वर्गणी)’.

प्रश्न: एका सभासदाने मला एकट्याला पाठवलेला मेल मी ग्रुपवर टाकला तर?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: आधी त्यांना विचारा. तुम्हाला लिहिताना त्यांच्यासमोर एकच वाचक होता. परवानगी मिळाली तरी शब्द बदलू नका, शुद्धलेखनही सुधारू नका. मधला भाग गाळलात तर तिथे [...] घाला. ‘गळती आमच्या बाथरूममधून नाही, असं प्लंबर म्हणतो’ यातला शेवटचा तुकडा गाळला, की प्लंबरचं मत त्या सभासदाचा दावा होऊन बसतं. असं वाक्य पूर्णच द्यायला हवं.

परवानगीचा उल्लेख पहिल्याच ओळीत करा: ‘फ्लॅट ४०२ यांच्या संमतीने त्यांचा मेल खाली देत आहे.’