अक्रात दोन दिवस: शनिवारी काय, रविवारी काय

घानाची राजधानी अक्रा, तिथल्या लेगॉनच्या विद्यापीठात एका सत्रासाठी आलोय, शनिवार-रविवार मोकळा आहे, अक्राचा इतिहास बघायचाय, किल्ल्याचं गाव केप कोस्टही त्यातच बसेल का, असं तुम्ही विचारलंय. केप कोस्ट या वेळी सोडा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण वाटेतल्या कानेशी आणि कासोआच्या कोंडीत निम्मा दिवस जातो. किल्लेच बघायचे तर अक्राच्या किनाऱ्यावर तीन आहेत.

शनिवार जुन्या शहराला द्या, कारण रविवारी माकोला बाजार जवळपास बंद असतो. सकाळी सातलाच निघा. ट्रोट्रो म्हणजे आपल्या वडापसारखी, भरली की सुटणारी गाडी. दारातला पोरगा तो 'मेट'. त्याचं बोट वर आकाशाकडे असेल तर गाडी 'अक्रा'ला, बोट खाली गोल फिरत असेल तर 'सर्क'ला, म्हणजे सर्कल या मोठ्या चौकाला. नवखे इथेच चुकतात: मेटच्या तोंडचं 'अक्रा' म्हणजे अख्खं शहर नव्हे, फक्त जुना मध्यभाग. तुम्हाला तीच गाडी हवी. सुटे पैसे ठेवा आणि उजव्या हाताने द्या. डावा हात पुढे करणं इथे अपमानाचं.

जेम्सटाउनच्या दीपगृहापासून सुरुवात करा. वर जायचे पैसे जिना चढण्याआधी ठरवा, उतरल्यावर आकडा वाढतो. समोरचा जेम्स फोर्ट इंग्रजांचा, 1673 चा. दहा मिनिटं पूर्वेला अशर फोर्ट, तो मुळात डचांचा, 1649 चा. इतके जवळ का? सोन्याच्या आणि पुढे गुलामांच्या व्यापारासाठी प्रत्येक कंपनीला किनाऱ्यावर स्वतःची जागा हवी होती. इथल्या मूळच्या गा लोकांची वस्तीही त्यामुळे इंग्लिश अक्रा आणि डच अक्रा अशी ओळखली जाऊ लागली. पुढे दोन्ही किल्ल्यांचे तुरुंग झाले. 1951 ची निवडणूक घानाच्या स्वातंत्र्याचे नेते क्वामे एन्क्रुमा जेम्स फोर्टच्या कोठडीतूनच जिंकले. मधल्या गल्लीत ब्राझील हाऊस विचारा: 1830 च्या दशकात ब्राझीलहून परतलेल्या मुक्त गुलामांचे वंशज, ताबोम, यांचं ते घर. पोर्तुगीजमध्ये 'ता बोम', म्हणजे 'बरंय', म्हणायचे, म्हणून नाव ताबोम.

कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका, कोळ्यांचा तर नाहीच. मंगळवारी इथले कोळी दर्यात जात नाहीत, आणि गा लोकांच्या होमोवो सणाआधी मे-जूनच्या सुमारास महिनाभर ढोल वाजवायला बंदी असते. तेव्हा आलात तर वादनाचा कार्यक्रम शोधत बसू नका.

माकोलात दुपारी बारानंतर गर्दी अंगावर येते, त्याआधी पोचा. छापील कापड सहा यार्डांचं 'हाफ पीस' म्हणून मिळतं. दोन यार्डही मागता येतात. खरं वॅक्स प्रिंट, म्हणजे मेण-छपाईचं कापड, दोन्ही बाजूंनी सारखंच गडद असतं. उलट बाजू फिकी दिसली तर ते साधं छापील, किंमतही तशीच द्या. आधी 'गुड मॉर्निंग', मग भाव. थेट भाव विचारणारा उद्धट ठरतो.

जेवणाचं: शाकाहारी असाल तर 'रेड-रेड', चवळीची लाल पाम तेलातली उसळ आणि तळलेली पिकली केळी. पण त्यातही सुकी मासळी पडते, म्हणून आधी विचारा. काळी शितो चटणी मात्र सुक्या मासळी-कोळंबीशिवाय होतच नाही. मासे खात असाल तर कणसाच्या पानात बांधलेलं आंबट केंके आणि तळलेला मासा, यापुढे काही नाही.

रविवारी सकाळी शहर चर्चमध्ये असतं. दुपारी एन्क्रुमा स्मारक उद्यान. हे पूर्वीचं पोलो मैदान. 6 मार्च 1957 ला मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा इथेच झाली. मुख्य पुतळ्याकडे बघून लोक परततात. मागचा जुना, मोडका पुतळा चुकवू नका: 1966 च्या उठावात फोडलेला, शिर धडावेगळं ठेवलेलं.

तिथून पूर्वेला चालत ब्लॅक स्टार चौक, आणि पुढे ओसूचा डॅनिश किल्ला. 28 फेब्रुवारी 1948 ला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांकडून ब्रह्मदेशात लढून आलेले इथले माजी सैनिक पेन्शनच्या मागण्या घेऊन याच किल्ल्याकडे निघाले होते. गोळीबारात तिघे मेले आणि शहर पेटलं. ते ब्रिटिशांच्या ज्या चौदाव्या सेनेत लढले, तिच्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या. घानाच्या लष्कराचं मुख्यालय आजही 'बर्मा कॅम्प' म्हणवतं. सैनिक उभे असतील तिथे मोबाइल खिशातच ठेवा.