सोंगी भारूड म्हणा, पण ‘बाईचं सोंग’ नको

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या कॉलेजात एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कलाकार येणारेत, स्वतःच्या आयुष्याची गोष्ट त्या भारुडातून सांगतात. पत्रिकेवर ताईंनी ‘सोंगी भारूड’ लिहिलं, तर एका सरांनी त्याच्या आधी ‘बाईचं सोंग घेणाऱ्या कलावंताचं’ असं जोडलं. ताईंना ते खटकलं पण का खटकलं ते नीट सांगता येईना, आणि सर म्हणाले सोंग शब्दात वाईट काय आहे, संत एकनाथांच्या भारुडातलाच तर आहे.

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे, पण सरांचंही अर्धं बरोबर आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सोंगी भारूड हे एका प्रकाराचं नाव आहे, भजनी भारूड, सोंगी भारूड, कूट भारूड असे प्रकार सांगतात, त्यातलं सोंगी म्हणजे वेश करून, पात्र होऊन केलेलं. ते खुशाल लिहा. १६व्या शतकात आपल्या पैठणच्या नाथांनी भारुडात आंधळा, जोगी, वासुदेव, विंचू चावलेला माणूस, सासरी गांजलेली बाई, सगळ्यांच्या तोंडून बोलून घेतलं आणि तेही ‘मी’ म्हणून. गावोगाव पुरुषांनी लुगडं नेसून ही भारुडं केली आणि त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. हे सोंग म्हणजे कला. ते ‘वठवावं’ लागतं, ‘रात्र थोडी सोंगं फार’ ही म्हणसुद्धा रात्रभर चालणाऱ्या खेळांतूनच आलीय. पण हे सोंग उतरतं, भारूड संपलं की गडी तोंड पुसतो, लुगडं घडी करून ठेवतो आणि सकाळी रानात जातो.

याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे ढोंगाचा. झोपेचं सोंग, पैशाचं सोंग आणता येत नाही, आमच्याकडं आजी ओरडायची ‘लई सोंगं करू नको’. एखाद्या पारलिंगी बाईबद्दल ‘बाईचं सोंग’ म्हटलं की सरांच्या मनात पहिला अर्थ असला तरी वाचणाऱ्याला दुसराच ऐकू येतो, की ही खरी बाई नाही, नाटक करतेय. ती तर कार्यक्रम संपल्यावर पण बाईच असते ना, मग ते सोंग कसं होईल. कुणी स्वतःला पुरुष म्हणावं, स्त्री म्हणावं का तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं असं सुप्रीम कोर्टानंही २०१४ मध्येच सांगितलंय.

मला हे खरं कळलं ते अंबाजोगाईजवळच्या एका गावात, नवरात्रात. अशाच एक कलाकार होत्या, त्यांनी भवानीला रोडगा कबूल करायचं भारूड घेतलं. मूळ भारुडात बाई सासू, सासरा, जाऊ, नणंदेचं पोर एकेकाचा बंदोबस्त कर म्हणून देवीला साकडं घालते. ह्यांनी त्या जागी खोली नाकारणारा घरमालक घातला, फॉर्मवरचं नाव बघून हसणारा कारकून घातला, शेजारची सीट सोडून उठणारा प्रवासी घातला. घरमालक करताना खांद्यावर उपरणं टाकून अशी मान वाकडी केली की बायका खदखदून हसल्या. मग त्यांनी पिशवीतून एक जुना पांढरा शर्ट काढला, शाळेचा असावा, लुगड्यावरूनच अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि साध्या आवाजात लहानपण सांगायला लागल्या, ‘मी शाळेत जायचो, मी मार खायचो, मी गप बसायचो’. सांगता सांगता एकेक बटण काढत गेल्या आणि शर्ट निघाला तसं क्रियापद बदललं, ‘मी घर सोडलं, मी रडत गेले, मी नाचले’. शेवटी तो शर्ट हातात धरून म्हणाल्या, ‘सोंग हे होतं बाई, १९ वर्षं घेतलं, एकदा बी वठलं नाही.’ माझ्या पुढं बसलेल्या म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

ही ताकद मराठीच्या क्रियापदात आहे. मी वर ‘लिहिते’ म्हटलं तेव्हाच तुम्हाला कळलं मी बाई आहे, वेगळं सांगावं लागलं नाही. (कोल्हापूरकडं बायका पण ‘मी जातो’ म्हणतात ते सोडा, आपल्याकडं ‘जाते’च.) ‘जायचो’ पासून ‘गेले’ पर्यंतची वाट अख्ख्या गावाला कुणी समजावून न सांगता कळली.

म्हणजे त्यांच्याबद्दल सोंग शब्द वापरायचाच नाही असं नाही. ‘घरमालकाचं सोंग त्यांनी झकास वठवलं’ हे शंभर टक्के बरोबर.

‘स्त्रीपार्टी’ पण नको, तो बालगंधर्वांसारख्या पुरुष नटांसाठी ठीक. ‘नाच्या’ ही तमाशातली भूमिका आहे, माणसाची ओळख नाही, आणि ही गल्लत किती महागात पडते ते गणपत पाटलांना विचारावं लागलं असतं, संसारी माणूस पण पडद्यावरचा नाच्या लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेला. उलट कर्नाटकात पारलिंगी लोककलावंत मंजम्मा जोगती बघा, ‘जोगती’ (यल्लम्मा देवीची सेवेकरी) हा शब्द त्यांनी नावातच मानानं ठेवला, २०१९ मध्ये तिथल्या जानपद (लोककला) अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, पुढं पद्मश्री घेताना राष्ट्रपतींची पदरानं दृष्ट काढली ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. शब्द तिथं त्यांचा स्वतःचा आहे, दुसऱ्यानं चिकटवलेला नाही.

तेव्हा पत्रिकेवर नुसतं ‘सोंगी भारूड आणि आत्मकथन, सादरकर्त्या’ आणि पुढं त्यांचं नाव एवढं पुरे. पारलिंगी, तृतीयपंथी हे लिहायचं का, कुठलं लिहायचं, ते त्यांना फोन करून विचारा, काहींना तृतीयपंथीतला ‘पंथ’ आवडत नाही, काहींना तोच आपला वाटतो. ‘सादरकर्त्या’ चालेल का तेही त्याच फोनवर विचारून घ्या. आणि मागं टाळ-पखवाजाला जे बसणारेत त्यांची नावं पण छापा, ती नेहमी राहून जातात.