पॉलिहाऊसमधली रंगीत ढोबळी मिरची थेट हॉटेलांना दिली, तर अडत्या (बाजारात कमिशनवर माल विकून देणारा दलाल) कायमचा टाळता येईल का?

टाळता येईल. पण तुमच्या बी आणि सी ग्रेडचं, म्हणजे दुय्यम आणि हलक्या मालाचं, काय करणार ते आधी ठरवा. ‘दलाल हटवा’ म्हणणाऱ्या एकानेही मला याचं उत्तर दिलेलं नाही.

समजा एका तोड्याला, म्हणजे एका वेळच्या काढणीला, 500 किलो माल निघाला: ए 300, बी 130, सी 70. हॉटेलवाला फक्त ए उचलतो, 80 रुपयांनी, म्हणजे 24,000. ए काढून उरलेला 200 किलो माल बाजारात सरासरी 28 ने गेला तर 5,600. एकूण 29,600. तोच सगळा माल अडत्याकडे 65, 45 आणि 25 ने गेला तर 27,100. फरक अडीच हजारांचा. त्यातून पाच हॉटेलांच्या दारात टेम्पो फिरवा आणि महिनाभर उधारी सांभाळा. अडत्या सगळा माल घेतो, हे त्याचं खरं काम.

आता नुकसान कुठे होतं ते बघा. पट्टी, म्हणजे अडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, कमी आली की सगळे त्याच्या गाळ्यावर ओरडतात, पण निम्मा घोळ आपल्याच पॅकिंग शेडमध्ये झालेला असतो. दुपारी तोडलेली गरम मिरची तशीच बॉक्समध्ये भरली की आत घाम धरतो, पुठ्ठा मऊ पडतो आणि थप्पीतला तळचा बॉक्स बसतो. वाशीच्या बाजारात गाडी रात्री उतरते तेव्हा खालच्या थरातली फळं चेपलेली असतात. म्हणून तोडा सकाळी नऊच्या आत उरकायचा. दव असेल तर फळ सुकू द्यायचं. क्रेट तीन-चार तास सावलीत, वाऱ्यावर ठेवायचे आणि मगच भरायचे. देठ कटरनेच कापायचा, हाताने पिळायचा नाही. तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच ठेवायचा, लांब राहिला तर शेजारच्या फळात घुसतो आणि तिथूनच सड सुरू होते. मुंबई-पुण्यासाठी 80 टक्के रंग आल्यावर तोडा, दिल्लीसाठी त्याआधी. अगदी हिरवं तोडलं तर वाटेत रंग नीट भरत नाही. लाल-पिवळी एका बॉक्समध्ये घालू नका, दोन्हींचे दर वेगळे असतात. 10 किलोच्या बॉक्समध्ये थोडा माल जास्तच भरा, वाटेत वजन घटतं आणि तूट तुमच्याच नावावर पडते. वर ए आणि खाली सी लावण्याची हुशारीही नको. खरेदीदाराने एकदा बॉक्स उलटा केला की पुढचे दहा तोडे तुमचा भाव खालूनच सुरू होतो.

अडत्यांची वकिली करतोय असं वाटेल, तर हेही ऐका. 2016 पासून राज्यात फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर ती तुमच्या नावे कापलेली दिसली किंवा वजनात कडता (तूट म्हणून केलेली कपात) धरला, तर तिथेच भांडा. वजनाची पावती मागून घ्या.

अर्थात, शेत शहराला लागून असेल आणि ए ग्रेड सत्तर-ऐंशी टक्के निघत असेल, तर माझं गणित उलटतं. काकडीचंही तसंच. बिनबियांची काकडी पातळ सालीची असते, लवकर मऊ पडते, दोन हात कमी लागले तर बरंच. फक्त ती ढोबळीसोबत 7-8 अंशांच्या शीतगृहात ठेवू नका, तिला 10 ते 12 लागतात. आणि पिकल्या टोमॅटोशेजारी ठेवली तर पिवळी पडते.