बायोस अपडेटनंतर हॅकिंटॉश अ‍ॅपलच्या लोगोवरच अडकतोय, नवा ईएफआय फोल्डर टाकू का?

तुमच्या हॅकिंटॉशचा, म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस चालवणाऱ्या यंत्राचा, प्रश्न थोडक्यात असा: कोअर आय५-१०४००, झेड४९० मदरबोर्ड, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडीवर मॅकओएस व्हेंच्युरा आणि बूटलोडर (मॅकओएस सुरू करून देणारा प्रोग्राम) ओपनकोअर. सगळं सुरळीत चालू होतं. बायोस अपडेट केल्यापासून लोगो येतो, पण खालची पट्टी तसूभरही हलत नाही. मग कुणाचा तरी तयार ईएफआय फोल्डर (ओपनकोअर आणि त्याची सेटिंग असलेला) उतरवून टाकावा का?

टाकू नका. तुमचा फोल्डर कालपर्यंत याच हार्डवेअरवर चालत होता. बदललं ते फर्मवेअर, म्हणजे बायोस, म्हणून शोधही तिथूनच सुरू करायचा. दुसऱ्याचा फोल्डर टाकलात की एका अज्ञात गोष्टीच्या जागी पन्नास होतात: त्याची यूएसबी मॅपिंग (पोर्टांची यादी), त्याचे एसएसडीटी (हार्डवेअरचं वर्णन दुरुस्त करणारे तक्ते), त्याचे केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) आणि वर त्याचे अनुक्रमांक.

(सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहितोय. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत असतील.)

आधी एक सोय करून ठेवा. एक पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, तुमचा सध्याचा ईएफआय फोल्डर तिच्या मुळाशी कॉपी करा आणि बायोसच्या बूट मेनूतून तिच्यावरून सुरू करा. ओपनकोअर पेनड्राइव्हवरून चालतो आणि मॅकओएस एसएसडीवरून, त्याने काही बिघडत नाही. यापुढचा प्रत्येक प्रयोग पेनड्राइव्हवरच्या कॉन्फिग.प्लिस्टमध्ये, म्हणजे ओपनकोअरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये करायचा, एसएसडीवरची मूळ प्रत जशीच्या तशी राहू द्यायची. मॅक सुरू होत नसेल तर ही फाइल विंडोज किंवा लिनक्सवरूनही बदलता येते, ती साधी एक्सएमएल आहे. एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहून ठेवा. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण तीन बदल एकदम करून मशीन सुरू झालं तर कशामुळे झालं ते कधीच कळत नाही.

आता लोगो दिसतोय याचा अर्थ लावू. तो लोगो अ‍ॅपलचा स्वतःचा बूट प्रोग्राम काढतो. म्हणजे बायोसने ओपनकोअर सुरू केला, ओपनकोअरने मॅकचा व्हॉल्यूम शोधला आणि पुढे सूत्रंही दिली. त्यामुळे सिक्युअर बूट किंवा हरवलेली बूट नोंद हे संशयित बाद होतात, त्यांच्यामुळे तुम्ही इथपर्यंत पोचलाच नसता. पट्टी मुळीच न हलणं म्हणजे बहुतेकदा कर्नल (मॅकओएसचा गाभा) हातात सूत्रं घेतानाच अडखळतो आहे. पट्टी अर्ध्यावर जाऊन पडदा काळा झाला असता तर मी आधी ग्राफिक्सकडे बघितलं असतं.

बायोस अपडेट झालं की सगळी सेटिंग कारखान्यातल्या मूळ स्थितीला जातात आणि जुनं साठवलेलं प्रोफाइल नव्या आवृत्तीत बऱ्याचदा उघडत नाही. म्हणून हातानेच बघा. सीएसएम बंद, फास्ट बूट बंद, सीएफजी लॉक बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू, साटा मोड एएचसीआय. व्हीटी-डी बंद ठेवा. ते विंडोजसाठी हवं असेल तर कॉन्फिगमध्ये डिसेबलआयओमॅपर चालू आहे ना ते बघा. एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) शेवटी. आधी रॅम मूळ वेगाने चालू द्या, नाहीतर अस्थिर रॅमचा दोष तुम्ही मॅकओएसच्या माथी माराल.

यातल्या दोन गोष्टींवर थोडं थांबतो, कारण तुमचा दोष तिथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

पहिली, सीएफजी लॉक. प्रोसेसरमध्ये एमएसआर ०एक्सई२ नावाचं एक रजिस्टर आहे. वीज-व्यवस्थापनासाठी मॅकओएसचा कर्नल त्यात लिहायला जातो. बायोसने ते कुलूपबंद ठेवलं असेल तर कर्नल सुरुवातीलाच कोसळतो आणि तुम्हाला फक्त थिजलेला लोगो दिसतो. आधी तुम्ही बायोसमध्ये ते कुलूप काढलं असेल, म्हणून कॉन्फिगमधला अ‍ॅपलएक्ससीपीएमसीएफजीलॉक हा क्वर्क (अशा अडचणींवर मात करणारी ओपनकोअरची सेटिंग) बंद ठेवला असेल. आता कुलूप परत लागलं. नव्या बायोसमध्ये तो पर्याय सहसा सीपीयूच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर असतो. नाहीच सापडला तर हा क्वर्क चालू करा, काम भागतं. कुलूप खरंच उघडलंय का याची खात्री करायला ओपनकोअरच्याच पॅकेजमध्ये कंट्रोलएमएसआरई२ नावाचं साधन आहे. ते टूल्स फोल्डरमध्ये टाका, कॉन्फिगच्या मिस्क विभागात टूल्सखाली त्याची नोंद करा आणि पिकरमधून (ओपनकोअरच्या निवडीच्या मेनूतून) चालवा.

दुसरी, रिसाइझेबल बार. झेड४९० बोर्ड बाजारात आले तेव्हा ही सोय त्यांच्यात नव्हती, ती नंतर बायोस अपडेटमधून मिळाली. अबव्ह ४जी चालू केलं की काही बोर्ड तीही आपोआप चालू करतात. ती चालू असताना ग्राफिक्स कार्ड आपल्या मेमरीची खिडकी कित्येक जीबीची करून मागतं, आणि मॅकओएसचा पीसीआय भाग १ जीबीपेक्षा मोठी खिडकी हाताळत नाही. उपाय दोन. बायोसमध्ये रिसाइझेबल बार बंद करा आणि बूटर विभागातला रिसाइझअ‍ॅपलजीपीयूबार्स -१ वर ठेवा. किंवा विंडोजमधल्या खेळांसाठी तो चालू हवा असेल तर हाच क्वर्क ० करा, म्हणजे मॅक सुरू होताना खिडकी आकसली जाते. निदान होईपर्यंत मी बंद ठेवणंच पसंत करीन.

अबव्ह ४जीच्या बाबतीत आणखी एक पथ्य. बूट-आर्ग्युमेंटमध्ये (कॉन्फिगमधून कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) एनपीसीआय=०एक्स२००० किंवा ०एक्स३००० लिहिलेलं असेल तर ते काढा. ज्या बोर्डात अबव्ह ४जीचा पर्यायच नसतो त्यांच्यासाठी ती काठी आहे. दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

एवढं करून एकदा एनव्हीरॅम (बूटची सेटिंग साठवणारी मेमरी) रीसेट करा. पिकर आला की स्पेसबार दाबा, लपलेल्या नोंदी दिसतात, त्यात रीसेट एनव्हीरॅम असेल. नसेल तर रीसेटएनव्हीरॅमएंट्री हा ड्रायव्हर फोल्डरमध्ये आणि कॉन्फिगमध्ये जोडावा लागेल. रीसेटनंतर बायोसमधला बूट क्रम पुन्हा लावावा लागू शकतो, दचकू नका.

तरीही अडकलं तर मग अंदाज बंद आणि वाचन सुरू. बूट-आर्ग्युमेंटमध्ये -व्ही डीबग=०एक्स१०० कीपसिम्स=१ लिहा. पहिल्याने लोगोऐवजी ओळी दिसतात, दुसऱ्याने कर्नल कोसळल्यावर मशीन लगेच रीस्टार्ट होत नाही, तिसऱ्याने कोसळण्याच्या नोंदीत आकड्यांऐवजी नावं येतात. ओळी फार वेगाने सरकतात, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करा. शेवटची ओळ हीच गुन्हेगार असते असं नाही. तिच्यानंतर जे सुरू व्हायला हवं होतं ते झालं नाही, एवढंच ती सांगते.

शेवटी ईएक्सआयटीबीएस:स्टार्ट दिसत असेल तर तो कर्नलला सूत्रं देण्याचा क्षण आहे. सीएफजी लॉक तपासून झालं असेल तर आता बूटर विभागातले मेमरीचे क्वर्क बघा. दहाव्या पिढीच्या डेस्कटॉपसाठी सर्वसाधारण मांडणी अशी: डीव्हर्च्युअलाइझएमएमआयओ, प्रोटेक्टयूईएफआयसर्व्हिसेस, रीबिल्डअ‍ॅपलमेमरीमॅप आणि सिंकरनटाइमपरमिशन्स चालू, एनेबलराइटअनप्रोटेक्टर आणि सेटअपव्हर्च्युअलमॅप बंद. तुमच्या कॉन्फिगमध्ये एमएमआयओ व्हाइटलिस्टमध्ये पत्ते लिहिलेले असतील, किंवा बूट-आर्ग्युमेंटमध्ये स्लाइडचा (कर्नल मेमरीत कुठे ठेवायचा त्याचा) आकडा हाताने ठरवलेला असेल, तर ते दोन्ही जुन्या मेमरी नकाशावर बेतलेले आहेत. नव्या बायोसमध्ये तो नकाशा सरकलेला असू शकतो. स्लाइडचा आकडा काढून टाका आणि व्हाइटलिस्ट नव्या लॉगवरून पुन्हा बनवा.

पीसीआय कॉन्फिगरेशन बिगिन या ओळीजवळ थांबलं तर पुन्हा अबव्ह ४जी, नाहीतर घड्याळ. या चिपसेटवर जुन्या आरटीसीऐवजी एडब्ल्यूएसी नावाचं घड्याळ असतं, ते मॅकओएसला ओळखता येत नाही, म्हणून एसएसडीटी-एडब्ल्यूएसी लागतो. तुमच्याकडे तो असणारच, पण कसा बनवला होता ते आठवा. तयार फाइल असेल तर बहुधा चालेल. जुन्या बायोसमधून डीएसडीटी (हार्डवेअरच्या वर्णनाचा मुख्य तक्ता) काढून त्यावरून बनवला असेल, तर नव्या बायोसचा डीएसडीटी काढून पुन्हा बनवा. संपूर्ण डीएसडीटीच बदलून टाकणारी जुनी पद्धत वापरली असेल तर ती फाइल आधी बाजूला करा. नव्या बायोसवर जुना डीएसडीटी लादणं म्हणजे घराचं बांधकाम बदलल्यावर जुन्या नकाशाने भिंतीत खिळे ठोकणं.

स्टिल वेटिंग फॉर रूट डिव्हाइस किंवा तिरपी रेघ मारलेलं वर्तुळ आलं तर कर्नल सुरू झाला, पण डिस्क सापडली नाही. एसएसडीवरून सुरू करताना हे झालं तर साटा मोड बघा. तो रेडवर किंवा इंटेल आरएसटीवर गेला असेल तर एनव्हीएमई डिस्कही त्याच्याआड लपू शकते. हीच चूक इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून सुरू करताना दिसली तर गोष्ट यूएसबीची असते.

यूएसबीचा विषय निघालाच आहे तर: मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानतो आणि एका यूएसबी ३ सॉकेटचे दोन पोर्ट मोजले जातात, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. मॅकओएस ११.३ पासून एक्सएचसीआयपोर्टलिमिट हा क्वर्क उपयोगाचा राहिलेला नाही, तो बंदच ठेवा. बायोस अपडेटमध्ये पोर्टांची किंवा कंट्रोलरची नावं बदलली तर तुमची मॅपिंगची केक्स्ट निकामी होते. कीबोर्ड लॉगिनच्या पडद्यावर मेलेला दिसतो किंवा मशीन झोपवलं की लगेच जागं होतं. विंडोजवर यूएसबीटूलबॉक्स चालवा, प्रत्येक सॉकेटमध्ये एक यूएसबी २ आणि एक यूएसबी ३ वस्तू लावून बघा आणि लागतील तेवढेच पोर्ट ठेवा. बोर्डावरच्या ब्लूटूथचा पोर्ट अंतर्गत, म्हणजे प्रकार २५५ असा नोंदवा. झोपेचे निम्मे त्रास इथेच मिटतात.

उरली ती आयओकन्सोलयूजर्स किंवा जीआयओस्क्रीनलॉकस्टेटची ओळ आणि त्यानंतरचा काळा पडदा. त्या ओळीपर्यंत पोचलात म्हणजे कर्नलचं काम झालं, अडचण चित्र दाखवण्याची आहे. आरएक्स ६६०० ला बूट-आर्ग्युमेंटमध्ये एजीडीपीमॉड=पिकेरा लागतं, ते -व्ही जोडताना चुकून पुसलं गेलं नाही ना? केबल मदरबोर्डवर नाही, कार्डवरच लावलेली हवी. बायोसमध्ये मुख्य डिस्प्ले पीईजी किंवा पीसीआयई असा ठेवा. आय५-१०४०० मधलं यूएचडी ६३० फक्त गणनेसाठी वापरायचं असेल तर त्याचा प्लॅटफॉर्म आयडी ०३००सी८९बी असावा. प्रोसेसर एफ अक्षराचा, म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला असेल तर हा भाग सोडून द्या.

यातलं काहीच लागू पडत नसेल तर ओपनकोअरची डीबग आवृत्ती घ्या, पण आत्ता वापरताय त्याच क्रमांकाची; एका आवृत्तीच्या फाइल दुसऱ्यात मिसळणं हा स्वतंत्र आजार आहे. मिस्कमधल्या डीबग विभागात टार्गेट ६७ करा, अ‍ॅपलडीबग, अ‍ॅपलपॅनिक आणि डिसेबलवॉचडॉग चालू करा. पेनड्राइव्हच्या मुळाशी मजकुराची लॉग फाइल तयार होईल. सोबत त्याच आवृत्तीचं ओसीव्हॅलिडेट कॉन्फिगवर चालवा, टायपिंगच्या चुका ते लगेच पकडतं.

दोन गोष्टींना या काळात हात लावू नका. एक, प्लॅटफॉर्मइन्फोमधले अनुक्रमांक. बूट न होण्याशी त्यांचा संबंध नाही आणि ते बदलले तर अ‍ॅपल आयडी नि आयमेसेजची नवी डोकेदुखी सुरू होईल. दुसरी, मॅकओएसची आवृत्ती. ‘नवीन टाकून बघतो’ हा मोह होतो, पण अ‍ॅपलने इंटेलसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती जाहीर केली आहे आणि व्हेंच्युरावर चालणारं सगळं तिच्यावर चालेल असं नाही. शिवाय अ‍ॅपलचा परवाना मॅकओएस फक्त त्यांच्याच यंत्रावर चालवायला देतो, त्यामुळे मदत त्यांच्याकडून मिळणार नाही हे धरूनच चला.

मशीन सुरू झालं की पेनड्राइव्हवरचा चालता ईएफआय फोल्डर एसएसडीच्या ईएफआय पार्टिशनवर कॉपी करा आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. नाही झालं, तर प्रश्नात तीन गोष्टी जोडा: -व्ही लिहिल्यावर दिसणाऱ्या शेवटच्या पंधरा-वीस ओळींचा स्पष्ट फोटो, बायोसची जुनी आणि नवी आवृत्ती, आणि कॉन्फिग.प्लिस्ट. ती देण्याआधी सिस्टिमसीरियलनंबर, एमएलबी, सिस्टिमयूयूआयडी आणि आरओएम या चार ओळी पुसा.