आधी त्यांची भाषा शीक

प्रिय मुली,

तुझी मेल वाचली. युरोपात जाऊन इंग्रजी शिकवायचंय, पण जाहिरातींत 'फक्त नेटिव्ह स्पीकर', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारेच हवेत, असं बघून रडू आलं म्हणतेस. झालं असेल रडून तर जर्मन शिकायला घे. विचारलंस इंग्रजी शिकवण्याबद्दल आणि ही भलतंच सांगतेय, असं वाटेल. वाटू दे.

सेल्टा हा इंग्रजीच्या शिक्षकांसाठीचा चांगला कोर्स आहे, करच. 120 तास, त्यातले 6 खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, मागच्या बाकावर वही उघडून बसलेला, तुला जोखणारा प्रशिक्षक. घाम फुटतो, पण शिकवायला येतं. मात्र लाखाच्या वर पैसे ओतून आणलेलं ते प्रमाणपत्र व्हिसा देत नाही. माद्रिदच्या क्लासवाल्याला युरोपियन युनियनबाहेरचं माणूस घ्यायचं तर सरकारदरबारी खेटे घालावे लागतात. युनियनमधलाच आयरिश पासपोर्टवाला दारात उभा असताना तो तुझ्यासाठी कशाला घालेल? ब्रिटन युनियनबाहेर पडल्यामुळे 2021 पासून तर खुद्द इंग्रजांचीही तीच गत आहे. तेव्हा 'माझा ॲक्सेंट' हे रडगाणं पुरे. अडतं ते पासपोर्टपाशी.

मग राहतं काय? फ्रान्सच्या सरकारी शाळांत इंग्रजीचे सहायक घेतात, ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला 12 तास. भारतीयांनाही घेतात. अट कसली? फ्रेंचची! जर्मनीत भाषा शिकवणं हा स्वतंत्र व्यवसाय धरतात आणि त्यावर राहण्याचा परवाना मिळू शकतो. त्यासाठी काम द्यायला तयार असलेल्या संस्थांची पत्रं जोडायची, आरोग्यविमा काढायचा, कराचे फॉर्म भरायचे, आणि स्वतंत्र शिक्षक म्हणून 18.6 टक्के पेन्शनचा हप्ता सगळाच्या सगळा आपल्या खिशातून. (हे शेवटचं आधी कुणी सांगत नाही.) या सगळ्याची पत्रं जर्मनमध्ये येतात. 2024 मध्ये सुरू झालेलं चान्सनकार्ट, म्हणजे जर्मनीत येऊन काम शोधायचा परवाना, जर्मन न येताही इंग्रजीवर मिळतं म्हणून तुझी मैत्रीण खूश आहे. मिळेलही. वर्षभराचे पैसे, महिन्याला हजाराच्या वर युरो, आधी दाखवायचे, तिथे जाऊन काम शोधायचं आणि शोधताना तोंड बंद. कशाला?

मला इथे जर्मनीत एका क्लासच्या मालकिणीने सांगितलं होतं, पालकांनी विचारलं तर लंडनमध्ये वाढले म्हण. मी म्हटलं, साताऱ्यात वाढले. काम गेलं. नवरा म्हणाला, एवढ्याशा थापेनं काय बिघडलं असतं? बिघडलं असतं. आजही माझं तेच मत आहे, आणि हट्टी म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. नंतर एका कारखान्यातला सकाळी सातचा वर्ग मिळाला. तिथले इंजिनिअर हटकून म्हणायचे, "आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स." माझा इंग्रज सहकारी दर वेळी वाक्य सुधारून द्यायचा, ते पुन्हा तेच म्हणायचे. जर्मनमध्ये अशा वाक्यात साधा वर्तमानकाळच येतो, इंग्रजीत नाही. मी त्यांचंच जर्मन वाक्य फळ्यावर लिहिलं, क्रियापदाखाली रेघ मारली आणि विचारलं, हा वर्तमानकाळ इंग्रजीत चालेल का? वर्गात हशा. पुढच्या सत्राला त्यांनी मला मागून घेतलं. त्यांची भाषा येत होती म्हणून, लंडनमुळे नाही.

सगळं गोड नाही. वडील आजारी होते तेव्हा माझ्या परवान्याचं नूतनीकरण अडकलेलं. निघाले असते तर परत येता आलं असतं की नाही, कोण जाणे. त्या कचेरीत मी जर्मनमध्ये भांडले आणि तात्पुरता कागद हातात घेऊनच बाहेर आले. तरी पोचायला उशीर झाला. ती सल आहे, राहील. भांडता आलं नसतं तर किती उशीर झाला असता, याचा विचार मी करत नाही.

आणि तू पुण्यात बसून विचारतेस कुठून सुरुवात करू! रानडे इन्स्टिट्यूट आहे, जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आहे, फ्रेंचसाठी आलियान्स आहे. दोन्ही भाषांना हात घालू नकोस, एकच धर. सेल्टाचे पैसे तूर्त बँकेत राहू देत. त्या भाषेची बी1, म्हणजे मधली पातळी, झाली की कळव, मग तुझा सीव्ही लाल पेन घेऊन बघते. त्याआधी पाठवलास तर उघडणार नाही.

तुझी,
ताई